दोन रिकामे खिळे

सकाळचा उजेड त्या स्वयंपाकघरात कधीच घाईने येत नसे. आधी तो समोरच्या इमारतीच्या गच्चीवर थबके, पाण्याच्या टाकीमागे थोडा वेळ दडे, आणि मग पहिल्यांदाच घरी आलेल्या पाहुण्यासारखा, चपला कुठे काढाव्यात या संकोचात, मोरीवरच्या लहानशा खिडकीच्या काठावर उभा राही. खिडकीची काच एका कोपऱ्यात तडकलेली होती. तिथे मामीने चिकटपट्टी लावली होती, आणि त्या पट्टीतून गाळून आलेला उजेड मधासारखा पिवळट होऊन नळावर उतरे. नळाच्या टोकाशी लोंबणारा थेंब उजळे, पडे, आणि दुसरा थेंब भरून येईपर्यंत उजेड जणू तिथेच थांबून राही. मग तो कपांच्या मांडणीवर चढे, कान तुटलेल्या कपापाशी रेंगाळे आणि फळीवरच्या डब्यांकडे वळे. डब्यांवर चिठ्ठ्या होत्या. ‘साखर.’ ‘मीठ.’ ‘चहा.’ अक्षर मामाचं, मोठं आणि शाळकरी. चिठ्ठ्या वाचून झाल्यासारखा उजेड टेबलावर येई, मामाच्या सुरकुतलेल्या मनगटावरून, पावाच्या चुऱ्यावरून सरकत जमिनीवर उतरे, आणि सात चाळीसला दाराशी पोहोचे. दारामागे खिळ्याला इस्पितळाची पांढरी पिशवी टांगलेली होती. तोंडाला गाठ, गाठीला चिठ्ठी: ‘रुग्णाचे कपडे’.

भाचा सात पस्तीसला तिथून उठून जाई.

पिशवीत काय आहे असं कुणी विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, कपडे. चिठ्ठीवर तसं लिहिलंच होतं. आणि लिहिलेल्यावर विश्वास ठेवावा, असं गेले पंचवीस दिवस त्याला सगळेच सांगत होते.

तो एकोणीस वर्षांचा. शीतगृहात मामाच्या शब्दावर लागला म्हणून तिथे सगळे त्याला ‘भाचा’ म्हणत. मामा मात्र साऱ्या शीतगृहाचा मामा होता, स्वतःपेक्षा वयाने मोठ्या असलेल्या मॅनेजरचासुद्धा. तीस वर्षं तो खोली क्रमांक तीनच्या दारावर होता. आत उणे अठरा अंश, छतापर्यंत गोठवलेल्या वाटाण्यांची खोकी, आणि पंख्यांची अशी घरघर की शेजारच्याने शिव्या दिल्या तरी आशीर्वाद वाटावा. आत जाणाऱ्याने आपला पितळी बिल्ला दाराशेजारच्या फळीवर, आपल्या क्रमांकाच्या खिळ्याला अडकवायचा. बाहेर आलं की काढायचा. खिळे रिकामे, म्हणजे खोली रिकामी. मग मामा दारातून दोनदा हाक देई, बाहेरून दिवा मालवी आणि दार लावी.

नियम इतका सोपा होता की तो मोडायचं कुणाच्या मनात आलं नसतं. पण आवारात गरम पाण्याचा नळ एकच होता. चार तास गोठून बाहेर येणाऱ्या वीस माणसांसाठी त्याच्या टाकीत सहा जणांपुरतं पाणी. सातव्याला कोमट, दहाव्याला गार आणि विसाव्याला नुसता उपदेश. म्हणून मामा पलीकडच्या खोल्यांची तापमानं वहीत टिपायला गेला, की लोक हळूच बाहेर येत, आपले बिल्ले खिळ्यांवरून काढून नळाच्या कट्ट्यावर ओळीने मांडून ठेवत, आणि पुन्हा आत जाऊन उरलेलं काम उरकत. रांगेत माणसाच्या जागी बिल्ला उभा. बारा वाजता सगळे धावत नळावर पोहोचत, आणि मामा रिकाम्या खिळ्यांकडे पाहून समाधानाने दार लावी. हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मामाला. त्याच्या पाठीमागे त्याचाच नियम रोज दहा मिनिटं मरून पडे आणि तो परत येईस्तोवर उठून बसे.

त्या शनिवारी अर्धी पाळी होती. बाराला दार लागलं, तेव्हा आत दोन माणसं होती: भाचा, आणि त्याचा जोडीदार, ज्याला अखंड बडबडीमुळे सगळे ‘रेडिओ’ म्हणत. दार आतून उघडायची मूठ सहा महिन्यांपूर्वी तुटली होती आणि तिची तक्रार विचाराधीन होती. (अपघाताच्या दुसऱ्या दिवशी विचार पूर्ण झाला, मूठ बसली, आणि तिला लाल रंगही लागला.) भाचा जेवायला आला नाही म्हणून मामा आधी रागावला, मग घाबरला, आणि संध्याकाळी सहाला चालत शीतगृहात जाऊन त्याने स्वतःच्या हाताने दार उघडलं. सहा तास झाले होते. वर्तमानपत्राने सोळा छापले. सहा तासांत कुणी वीर होत नाही, असं वार्ताहराचं मत पडलं.

इस्पितळात भाच्याने डोळे उघडले तेव्हा शुक्रवारच्या रात्रीनंतरचे नऊ दिवस त्याच्याकडून गळून गेले होते. अंधारात डोकं मांडणीच्या लोखंडावर आपटलं होतं. डॉक्टरांनी त्याला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, आणि ‘स्मृती हरवलेल्यांसाठी सोप्या सूचना’ नावाची पत्रिका हाती दिली. त्यातली चौथी सूचना अशी होती: ‘मेंदू रिकाम्या जागा कल्पनेने भरतो. अशा खोट्या आठवणींवर विश्वास ठेवू नये.’ ज्याला काहीच आठवत नव्हतं, त्या मुलाला हे एक वाक्य मात्र पहिल्याच वाचनात पाठ झालं.

कंपनीने त्याला डोक्यावर घेतलं. शीतगृहाच्या फाटकावर त्याच्या फोटोची पाटी लागली: ‘तो विसरला, तुम्ही विसरू नका! सुरक्षा प्रथम!’ पुढच्या सत्रापासून तंत्रनिकेतनात कंपनीच्या खर्चाने त्याचा प्रवेश ठरला. आणि एके दुपारी कल्याण अधिकारी बाई घरी आल्या. कामगारांचं कल्याण करणं ही त्यांची नोकरी असल्यामुळे त्यांना सगळे ‘कल्याणबाई’ म्हणत, आणि त्या येताना दिसल्या की जो तो आपापलं कल्याण सांभाळत पळे.

“कसं वाटतंय आमच्या हिरोला?” त्यांनी फाइल उघडली. “मी तुझी आठवण घेऊन आलेय.”

“माझी?”

“मसुदा आहे रे फक्त. चौकशी शुक्रवारी आहे, तोवर तुला आठवेल न आठवेल, उगाच डोक्याला ताण नको. तुला जसजसं आठवत जाईल तसतसं आपण दुरुस्त करू. फक्त परिच्छेद दोनला हात लावू नकोस, तो वकिलांनी लिहिलाय.”

परिच्छेद दोन म्हणत होता: ‘माझा व माझ्या सहकाऱ्याचा बिल्ला खिळ्यांवर होता. दारवानाने खिळे न पाहता दार बंद केले.’

“मला हे आठवत नाही,” भाचा म्हणाला.

“म्हणून तर लिहून आणलंय, बाळा.”

मामी भांडी घासत होती. तिने एक पातेलं जरा जास्तच जोरात आपटलं. “बाई, तीस वर्षं हा माणूस घरातून निघाल्यावर कुलूप तीनदा ओढून बघतो. तो खिळे न बघता दार लावेल?”

“वहिनी, वय होतं माणसाचं,” कल्याणबाई हळुवारपणे म्हणाल्या. “आमच्याकडे फोटो आहे. खिळ्यांवर सतरा आणि अठरा, दोन्ही बिल्ले लटकतायत. फोटो खोटं बोलत नाही.”

फोटो दुसऱ्या दिवशी काढला होता, नव्या मुठीच्या फोटोबरोबरच, आणि त्यातले बिल्लेही मुठीइतकेच नवे दिसत होते. पण हे विचारायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्याच्या आलं तो मूग गिळून बसला. शीतगृहातल्या अठरा माणसांच्या तोंडात त्या महिन्यात एवढे मूग होते, की वाटाण्यांऐवजी तेच गोठवले असते तरी धंदा झाला असता. कट्ट्यावरच्या रांगेबद्दल एक जण बोलला असता तर अठरांची नोकरी गेली असती. मामाची मात्र एकट्याचीच जाणार होती, आणि पोलिसांत गुन्हाही त्याच्या एकट्यावर. हिशेबाला हे सोपं होतं.

मामा निलंबित होऊन घरी बसला, आणि तीस वर्षं दार सांभाळलेल्या माणसाने भाच्याची स्मृती सांभाळायला घेतली. चिठ्ठ्या त्यानेच लावल्या. वास्तविक भाचा नऊ दिवसच विसरला होता, साखर-मीठ नव्हे; पण मामाला अर्धवट काम आवडत नसे. रोज सकाळी चहाबरोबर तो जुना अल्बम उघडी.

“ही कोण?”

“आई, मामा.”

“बरोबर. आणि हा, तोंडाला शेंबूड लागलेला?”

“मी.”

“नाही, तो मी. तुझा शेंबूड पुढच्या पानावर आहे.”

मामी म्हणे, “घरात एक विसराळू, एक मास्तर आणि एक मोलकरीण. मोलकरणीला पण एखादी चिठ्ठी चिकटवा, म्हणजे ती बायको आहे हे लक्षात राहील.”

हसू येई, आणि हसता हसता भाच्याची नजर दारामागे जाई. मग तो घड्याळ पाही.

कारण आठवणी परत येऊ लागल्या होत्या. शुद्धीवर आल्याच्या बाराव्या दिवशी अंधार परत आला. हातापायांना चिकटणारा, वाटाण्यांच्या थंडगार वासाचा. चौदाव्या दिवशी रेडिओचा आवाज आला. खोकी ओढून त्यांनी अंधारातच एक गुहा रचली होती, पुठ्ठे फाडून जाकिटात कोंबले होते, आणि रेडिओ त्याला झोपू देत नव्हता. “राग आला की अंग तापतं, भाच्या! मॅनेजरचं नाव घे. घेतलंस? आता त्याच्या मेहुण्याचं घे!” सोळाव्या दिवशी आठवलं की डोक्यातून रक्त येत होतं आणि रेडिओने डाव्या पायातला बूट काढून, आतला जाड लोकरी मोजा काढून तो त्याच्या डोक्याला गुंडाळला होता. हे सगळं भाच्याने खरं मानलं. रडत मानलं.

आणि अठराव्या दिवशी, दात घासताना, आणखी एक आठवण आली: हातातली दोन गोल, गार, पितळी वजनं, आतून रेडिओची हाक, “अरे, हे शेवटचं खोकं धर, माझा हात अडकलाय!”, आणि जाकिटाच्या खिशाची चेन लावल्याचा आवाज.

भाच्याने चूळ भरली आणि खोलीत जाऊन पत्रिका काढली. सूचना क्रमांक चार. मेंदू रिकाम्या जागा कल्पनेने भरतो. ही खोटी असणार. खोट्या आठवणी ओळखायची एक विलक्षण सोपी कसोटी त्याच्या हाती आली होती: बारानंतरचं जे आठवे ते खरं, आणि बाराच्या आधीच्या दहा मिनिटांतलं जे आठवे ते खोटं. डॉक्टरांनाही एवढं नेमकं निदान करता आलं नसतं.

बुधवारी तो रेडिओला भेटायला इस्पितळात गेला. रेडिओ पाय उंच करून पडला होता आणि पलीकडच्या तीन रुग्णांना एकाच वेळी हवामान, राजकारण आणि स्वतःचं ऑपरेशन ऐकवत होता.

“ये, हिरो! बघ, डाव्या पायाची तीन बोटं गेली. नखं कापायचा त्रास वाचला.”

“दुखतं का?”

“नसलेली बोटंच जास्त दुखतात रे. जी आहेत ती गप्प आहेत बिचारी, आपला नंबर लागेल म्हणून.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “मामाला सांग, माझ्या मनात राग नाही. म्हातारं माणूस. दिसले नसतील बिल्ले.”

“तुझा होता खिळ्यावर?”

“होता म्हणजे? आठ वाजता मी स्वतः अडकवला. आणि मी तर काढायला बाहेर आलोच नाही. मग काय पंख फुटून उडाला?”

तो खरं बोलत होता, हीच पंचाईत होती. रेडिओ त्या दिवशी मागच्या रांगेत खोकी लावत होता. त्याच्यासाठी गरम पाण्याची जागा धरावी, त्याला न सांगता, म्हणजे बाराला कट्ट्यावर आपला बिल्ला दुसऱ्या नंबरावर बघून तो चकित होईल, असं जर कुणाच्या मनात आलं असेल, तर ते रेडिओला कसं ठाऊक असणार? आणि असं कुणाच्या मनात आलंही नसेल. सूचना क्रमांक चार.

“तुझा मोजा...” भाचा म्हणाला.

“राहू दे तुझ्याकडे. एका पायाला आता छोटा साइज लागतो.”

घरी परतल्यावर तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, आणि शेगडीजवळ भिंतीवर एक नवी चिठ्ठी दिसली. अक्षर मामाचंच होतं, पण थरथरलेलं: ‘गॅस बंद केला आहे. मी स्वतः पाहिला आहे.’ शेजारी दुसरी: ‘पुन्हा पाहिला. बंद आहे.’

या चिठ्ठ्या भाच्यासाठी नव्हत्या.

मामा टेबलाशी बसला होता. “तुला सांगतो,” तो हळू म्हणाला, “मला अगदी स्वच्छ दिसतात रे ते खिळे. सगळे रिकामे. मी सतरावर बोट ठेवलं, अठरावर ठेवलं, कारण सतरा तुझा. दोन हाका दिल्या. पण रेडिओ म्हणतो बिल्ला होता, फोटो म्हणतो होता, बाई म्हणतात होता. एवढी माणसं काय खोटं बोलतील? मग मला जे दिसतं ते काय आहे?” त्याने भाच्याची पत्रिका उघडून पुढे सरकवली. चौथ्या सूचनेखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. “हे वाचलंस? मेंदू रिकाम्या जागा भरतो म्हणे. खिळे रिकामे होते, तेही मीच भरलं असेल.”

भाचा काहीतरी म्हणणार होता. तो म्हणाला, “चहा करू का?”

शुक्रवारी सकाळी साडेसातलाच कल्याणबाई हजर झाल्या. चौकशी दहाला होती, गाडी खाली उभी होती. त्या खुर्ची ओढून दारात बसल्या, त्यामुळे स्वयंपाकघरातून बाहेर पडायला वाट उरली नाही. टेबलावर त्यांनी दोन कागद ठेवले. एक भाच्याची आठवण, स्वच्छ टंकलिखित. दुसरा मामाचा कबुलीजबाब, तोही तयार.

“आणि हो,” त्या म्हणाल्या, “ते थंडीचं जाकीट राहिलंय तुझ्याकडे. कंपनीची वस्तू आहे. हा परतीचा फॉर्म. इस्पितळाने कपडे पिशवीत दिले होते ना? उघडूबिघडू नका, तशीच द्या. आम्ही धुऊन घेऊ.”

“महिनाभर एका जाकिटावाचून कंपनी गारठली वाटतं,” मामी म्हणाली.

“शिस्त आहे, वहिनी.” बाई हसल्या, पण त्यांची नजर दारामागच्या खिळ्यावर होती, आणि ती हसत नव्हती. भाच्याने ती नजर ओळखली. त्यांना ठाऊक होतं. पिशवीत काय आहे हे त्यांनी कुठल्याही पत्रिकेच्या मदतीशिवाय ओळखलं होतं. आपण एवढंच करायचं होतं: बसून राहायचं. पिशवी जाईल, परिच्छेद दोन राहील, तंत्रनिकेतन मिळेल. सुंठीवाचून खोकला जाईल.

मामाने चष्मा लावून आपला कागद वाचला. “‘माझ्या स्मृतीवर माझा विश्वास राहिलेला नाही.’ बरोबर लिहिलंय,” तो म्हणाला. “पेन द्या.”

“अहो!” मामी ओरडली.

“अगं, सगळे म्हणतात तर तसंच असेल. आणि पोराचं शिक्षण होतंय. मी आता कितीसा...” त्याने सहीसाठी कोपर टेबलावर टेकवलं, मग थांबून भाच्याकडे पाहिलं. “तू माफ कर हं मला. मी दार लावलं तुझ्यावर.”

नळाचा थेंब पडला. उजेड पावाच्या चुऱ्यावरून खाली उतरला, जमिनीवरून चालत आला, कल्याणबाईंच्या चकचकीत बुटांना वळसा घालून दाराशी पोहोचला. सात चाळीस. पांढरी पिशवी आतून दिवा लावल्यासारखी उजळली, आणि तिच्या तळाशी जाकिटाची निळी बाही, खिशाची लांबट चेन स्पष्ट दिसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो हे पाहायला तिथे होता.

भाचा उठला. कल्याणबाईही उठल्या, पण त्यांच्या मांडीवर फाइल होती. ती खाली पडली आणि आठवणींच्या सगळ्या प्रती जमिनीवर पसरल्या. त्याने खिळ्यावरची पिशवी काढली. गाठ सुटेना म्हणून दाताने तोडली.

“अरे, ते तसंच द्यायचंय!” बाईंचा आवाज पहिल्यांदाच कल्याणाच्या पट्टीतून सुटला. “हे मसुद्यात नाही!”

त्याने जाकीट झटकलं नाही. चेन उघडली, खिसा टेबलावर उलटा केला. दोन पितळी चकत्या मामाच्या कबुलीजबाबावर पडल्या, एक गरगर फिरत राहिली, आणि मग निजली. बाईंनी हात पुढे केला, पण मामीने तेवढ्यात ओला हात त्या दोन चकत्यांवर ठेवला आणि ती म्हणाली, “वाचू द्या ह्यांना.”

मामाने चकत्या एकेक करून उचलल्या. तीस वर्षांच्या सवयीने मोठ्याने वाचल्या. “सतरा. अठरा.” मग त्याने त्या तळहातावर उलटसुलट करून पाहिल्या. चष्म्याआड त्याचे डोळे काहीतरी शोधत होते, सापडलं नाही असे थकले, आणि तो अपराध्यासारखा हसला.

“माझ्याच हातून झालं असणार हे,” तो म्हणाला. “मीच काढून तुझ्या खिशात ठेवले असतील, रे. मला आता काही आठवत नाही.”

भाच्याने मामाच्या हातातलं पेन काढून घेतलं.

“मामा,” तो म्हणाला, “बिल्ले मी काढले होते.”